ग्लॅडमास्तर

पनवेलच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायला लागले, त्या दिवशी मला नेमका किती आनंद झाला होता हे ठरवायला एका गृहस्थांनी मधली अख्खी सुट्टी घेतली.

नवीन शिक्षकाने शिक्षकांच्या खोलीत उभं राहून दोन वाक्यं बोलायची, असा तिथला रिवाज होता. मी घरून घोकून आलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, "आय ॲम व्हेरी हॅपी टु जॉइन धिस स्कूल." हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घातलेले एक उंच, हाडकुळे गृहस्थ बसले होते. त्यांनी वाजवल्या नाहीत. सगळे चहाकडे वळल्यावर ते माझ्याजवळ आले.

"बाई, पनवेलला कधी आलात?"

"परवा."

"घर मिळालं?"

"मिळालं. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी आणि आई राहतो."

"डास?"

"पुष्कळ आहेत."

"पाणी?"

"विहिरीचं. जरा मचूळ लागतं."

"मग हॅपी कशा काय?"

त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि आजारी माणसाला पथ्य समजावून सांगावं तशा सुरात ते बोलू लागले. "दोन दिवसांत कोणी हॅपी होत नसतं. हॅपी ही टिकणारी अवस्था आहे. नोकरी लागल्याचं पत्र आलं तेव्हा तुम्ही ग्लॅड झालात. बातमी चांगली असली की माणूस ग्लॅड होतो. आत्ता टाळ्या पडल्या, तेव्हा तुम्ही प्लीज्ड झालात. आणि ते 'व्हेरी' तर काढूनच टाका. हॅपीचं आपण पुढच्या वर्षी बघू."

मला वाटलं, चेष्टा चालली आहे. पण पुढच्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ते खरोखरच माझ्या टेबलाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काय बाई, झालात का?"

"अजून नाही," मी म्हटलं.

"ठीक आहे. घाई नको."

ते इंग्रजी शिकवत. तेव्हा इंग्रजी आठवीला सुरू व्हायचं आणि मुलांना सगळे शब्द एकदम दिले तर मुलं ते उधळून टाकतील, अशी सरांची पक्की समजूत होती. म्हणून आनंदाचे शब्द त्यांनी इयत्तांवर वाटून टाकले होते. आठवीला फक्त ग्लॅड आणि प्लीज्ड. नववीला हॅपी, तेही दिवाळीनंतर. दहावीला डिलाइटेड. चिअरफुल हा शब्द चेहऱ्याचा, मनाचा नव्हे, असं ते वहीत दोन रेघा मारून लिहायला लावत. मेरी व्हायला माणसाला सोबत लागते, एकट्याने मेरी होता येत नाही, होत असल्यास डॉक्टरांना दाखवावं. एखाद्या आठवीतल्या पोराने कुठूनतरी ऐकून निबंधात 'डिलाइटेड' घातलं, तर सर लाल शाईने त्याच्याभोवती गोल काढून समासात लिहीत, 'हा शब्द कोठून आणला?' मुलं त्यांना ग्लॅडमास्तर म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. हॅपीमास्तर म्हणाले असते तर मात्र चालवून घेतलं नसतं.

निबंध तपासताना ते शिक्षकांच्या खोलीत बसत, त्यामुळे अधूनमधून आम्हालाही प्रसाद मिळे. एका पोराने लिहिलं होतं, घरी धाकटा भाऊ जन्मला, आय वॉज हॅपी. सरांनी त्याला बोलावून घेतलं.

"रात्री रडतो का तो?"

"रडतो, सर. रोज."

"तुझ्याकडे कोणी बघतं का आता?"

"आजी बघते."

"मग हॅपी राहू दे. पण आजीसाठी म्हणून लिही."

दुसऱ्या एकाने लिहिलं, 'शाळेचे जुने अध्यक्ष वारले म्हणून सुट्टी मिळाली. आय वॉज ग्लॅड.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि खाली शेरा मारला, 'शब्दयोजना अचूक. वही घरी दाखवू नये.'

माझं आणि त्यांचं भांडण मराठीवरून होई. "तुमच्या भाषेत आहे काय?" ते म्हणत. "पेढा खाल्ला तरी आनंद आणि मोक्ष मिळाला तरी आनंद. हा काय हिशेब झाला?" मग मी चिडून यादी म्हणायची: हर्ष, उल्हास, समाधान, सुख, मजा, गंमत, हुरूप. ते मान हलवत ऐकत. एकदा मी म्हटलं, "आणि 'बरं वाटलं'? ह्याला सांगा इंग्रजी." ते कपाटातला शब्दकोश काढायला गेले. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाले, "नाही सापडत. तुम्हाला एक मार्क." त्या एका मार्कावर मी पुढे वर्षभर जगले.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणत असू. मी प्रथम हळदीकुंकवाला त्यांच्याकडे गेले, तेव्हा वहिनींनी खिचडीची बशी माझ्यापुढे ठेवली आणि एक आत सरांना नेऊन दिली. आतून आवाज आला, "सॅटिसफॅक्टरी."

वहिनींच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "म्हणजे आवडली," त्या मला म्हणाल्या. "न आवडली तर बोलत नाहीत. मला बघायला आले होते ना, तेव्हा सगळं झाल्यावर माझ्या मामांनी विचारलं, मुलगी कशी वाटली? तर म्हणाले, 'ऑब्जेक्शन नाही.' मामा वकिलाकडे कारकून होते, त्यांना ते फार आवडलं. मला घरात कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही तेच म्हणाले असते बहुतेक." आणि माझी रिकामी बशी उचलत म्हणाल्या, "नंतर कधी पुढचा शब्द येईल, असं वाटलं होतं."

हे त्या हसत म्हणाल्या, म्हणून मीही हसले. घरी जाताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

सरांच्या ह्या वेडाची मोठी किंमत शाळेला एकदाच द्यावी लागली. आमची शाळा दहावीपर्यंत होती. अकरावीचा वर्ग मिळावा म्हणून अर्ज केला होता, आणि तो बघायला इन्स्पेक्टर आले. आठ दिवस आधीपासून झाडलोट चालली होती. सातवीच्या वर्गात भिंतीला ओल होती, तिच्यावर हेडमास्तरांनी भारताचा नकाशा टांगला. साहेब आले, वर्ग पाहिले, भजी खाल्ली आणि निघताना शेरेबुकात लिहायला बसले. बुक आणि दौत घेऊन शेजारी उभं राहायचं काम इंग्रजीचे शिक्षक म्हणून सरांकडे आलं होतं. साहेबांनी लिहिलं, 'आय वॉज व्हेरी हॅपी टु व्हिजिट धिस स्कूल.'

सर वाकून अदबीने म्हणाले, "साहेब, एक विचारू का? खरोखर हॅपी होतात का?"

साहेबांना ऐकू आलं नाही असं वाटलं. हेडमास्तरांना मात्र आलं. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला.

"म्हणजे, सातवीत आपण नकाशा उचलून मागे पाहिलंत," सर सांगू लागले. "मग मागच्या अंगणातली मोरी पाहिलीत. गणिताच्या तासाला आपण दोनदा घड्याळ पाहिलंत. म्हणून म्हटलं, शब्द जरा पुढचा पडतोय का."

साहेबांनी लेखणी उचलून धरली. माणूस प्रामाणिक असावा, हेच आमचं दुर्दैव. त्यांनी बराच विचार केला, 'व्हेरी हॅपी' खोडलं, आणि वर बारीक अक्षरांत लिहिलं, 'पार्टली सॅटिसफाइड.' सर म्हणाले, "अगदी बरोबर." साहेबही समाधानाने गेले. अकरावीला परवानगी एक वर्ष लांबली.

हे आम्ही नंतर हसून सांगायला लागलो, पण तेव्हा मला हसू आलं नाही. माझ्या दहावीच्या वर्गात सहा मुली होत्या. मुलगे पुण्यामुंबईला नातेवाइकांकडे जाऊन अकरावी करतील, मुलींना कोण पाठवणार? त्यातल्या दोघींची उन्हाळ्यात लग्नं ठरली. मी सरांना खोलीत गाठलं आणि नावं घेऊन सांगितलं. म्हटलं, "तुमचा शब्द बरोबर होता. आता ह्या दोघींना कोणता शब्द देता?"

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, पुन्हा घातली आणि तासाला गेले. जूनपासून मात्र उरलेल्या चार मुली रोज सकाळी त्यांच्या ओटीवर दिसायला लागल्या. सर त्यांना अकरावीचं इंग्रजी शिकवत, मला मराठीला बसवलं, गणिताच्या मास्तरांना हात जोडून आणलं. वहिनी मधे दूध देत. चौघींपैकी तिघी बाहेरून परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. लग्न झालेल्या दोघींबद्दल सर पुन्हा कधी बोलले नाहीत, पण त्यांच्या जुन्या वह्या त्यांनी टाकल्या नव्हत्या, हे मला पुढे वहिनींकडून कळलं.

इन्स्पेक्टरांच्या त्या प्रकरणाबद्दल संस्थेच्या मंडळींनी श्रावणात सरांना बोलावून माफीपत्रावर सही करायला सांगितलं. पत्र हेडमास्तरांनीच इंग्रजीत लिहून दिलं होतं. सरांनी ते वाचलं, झाल्या गोष्टीबद्दल खेद वाटतो हे मान्य केलं, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'आय शॅल बी हॅपी टु ओबे.'

"ओबे मी करीन," सर म्हणाले. "हॅपी होणार नाही. ते काढा, सही करतो."

अध्यक्ष भातगिरणीचे मालक होते, त्यांना इंग्रजी येत नसे. त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, "काय म्हणतायत हे?"

"म्हणतायत, आज्ञा पाळीन, पण आनंदाने नाही."

अध्यक्ष म्हणाले, "मग आमच्या गिरणीत तरी कोण आनंदाने पाळतो? काढून टाका ती ओळ."

पण हेडमास्तरांचा मान दुखावला होता. ओळ राहिली, सही राहिली, आणि सरांकडून नववी-दहावीचे वर्ग काढून घेतले गेले. त्यांच्याकडे नुसती आठवी उरली. हॅपी शिकवायला शाळेने एक नवीन तरुण मास्तर आणला, तो पहिल्याच दिवशी नववीला 'व्हेरी व्हेरी हॅपी' म्हणाला. हेडमास्तरांनी सरांशी बोलणं टाकलं. निरोप शिपायाबरोबर येत.

अशा रिकाम्या तासाला सर एकटे खोलीत बसलेले असताना चांगुणाबाई आल्या. मी वह्या तपासत होते.

चांगुणाबाई करंजाच्या. बाजाराच्या दिवशी डोक्यावर सुकी मासळी घेऊन एस्टीने पनवेलला यायच्या. पोस्टात कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की इंग्रजी कागद लिहायचा तर हायस्कुलातल्या टोपीवाल्या मास्तरांकडे जा. टोपली त्यांनी दाराबाहेर ठेवली, तरी वास आत आलाच.

"मास्तर, येक कागुद लिवायचा हाय. सायबाला."

हकिकत अशी होती. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशी बोटीवर खलाशी होता. वाटेत त्याला ताप भरला, बोटीने त्याला कुठल्याशा दूरच्या बंदरावर इस्पितळात ठेवला, आणि आठ महिने त्याची काही खबर नव्हती. गावाने तो गेला असंच धरलं होतं. चांगुणाबाईंनीही धरलं होतं. आणि दिवाळीच्या सुमाराला तो चालत घरी आला. बोट त्या बंदरात होती तोवर बोटीवरच्या एका साहेबाने इस्पितळात त्याच्या उशाशी बसून दिवस काढले होते, स्वतःच्या खर्चाने औषध आणलं होतं. त्या साहेबाला पत्र घालायचं होतं. पत्त्याची चिठ्ठी त्यांनी पदराच्या गाठीतून काढली.

"काय लिहू?" सरांनी विचारलं.

"लिवा, पोर आला, मना आनंद झाला."

सरांनी टाक खाली ठेवला. मला कळलं, आता काय होणार.

"मावशी, आनंद म्हणजे नेमकं काय वाटलं?"

"आता काय सांगू? आनंद वाटला."

"तो आला तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"सुकट वाळत घातलेली, ती हालवत होती. उनात. त्यो समोर हुबा ऱ्हायला. दाढी वाढलेली, अंगात सायबाचा कोट. मी वळखलाच नाय. मना वाटला गिऱ्हाईक हाय. मी बोलली, काय पायजे, सुकट का वाकट्या?"

"मग?"

"त्यो बोलला, आये. मी हातातली टोपली त्याच्या आंगावर मारली."

"का?"

"काय म्हाईत."

"रडलात?"

"नाय."

"हसलात?"

"नाय. घरात गेली नि भांडी घासली."

"भांडी?"

"सगली. घासलेली होती ती पन घासली. त्यो भाईर हुबा, शेजारी सगली जमली, नि मी आपली घासतेय. मग राख सपली, तवा भाईर आली."

सर कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या बाजारी या. लिहून ठेवतो."

पुढच्या बाजारी कागद झालेला नव्हता. त्याच्या पुढच्याही बाजारी नाही. चांगुणाबाई दारात उभ्या राहून "झाला का?" म्हणत, सर "अजून नाही" म्हणत, त्या जात. सर शाळेतला मोठा शब्दकोश घरी घेऊन गेले आणि परत घेऊन आले. एक दिवस मलाच म्हणाले, "बाई, तुमच्या मराठीत काय म्हणाल ह्याला?"

मी प्रयत्न केला. हर्ष नव्हे. उल्हास तर मुळीच नव्हे. शेवटी मी चिडून म्हटलं, "सर, त्या बाईला आनंद झाला. ती तसं म्हणतेय. लिहून का टाकत नाही?"

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते पूर्वी कधी कोणाला सांगितलं नसावं. म्हणाले, "आमच्या घरी सगळी पत्रं एकाच साच्याची. 'पत्र पावले, मजकूर समजला, आनंद जाहला.' मी दहा वर्षांचा असताना माझी थोरली बहीण सासरी वारली. वडिलांनी काकांना कळवलं. काकांचा तिच्यावर फार जीव होता, त्यांनीच तिला लिहायला शिकवलं होतं. त्यांचं उत्तर आलं ते वडिलांनी मला वाचायला दिलं. पहिली ओळ होती, 'पत्र पावले, मजकूर समजला, आनंद जाहला.' हाताच्या सवयीने लिहिलं गेलं बिचाऱ्यांच्या. पुढची सगळी अक्षरं डोळ्यांतल्या पाण्याने फुटलेली होती. वडील ती ओळ बोटाने झाकून धरत होते, आईने वाचू नये म्हणून."

तास झाल्याची घंटा वाजली, ती वाजू दिली.

चौथ्या बाजारी कागद तयार होता. एवढंच लिहिलं होतं: मी मासळी वाळवत होते. तो आला. मी त्याला ओळखलं नाही. काय हवं असं विचारलं. तो आई म्हणाला. मी त्याला टोपली मारली. मग मी घरातली सगळी भांडी घासली, स्वच्छ होती तीसुद्धा. खाली चांगुणाबाईंचा अंगठा उठवायला जागा सोडली होती. सरांनी ते इंग्रजीतून वाचलं, मग मराठीतून. मला वाटतं, आयुष्यात एवढं चांगलं त्यांनी काही लिहिलं नव्हतं.

चांगुणाबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. "बराबर लिवलाय. पन आनंद झाला असा कुटं हाय?"

"तसं लिहिलेलं नाही. पण ते ह्यातच आलं, मावशी."

"कुटं आलं?"

"भांड्यांच्या तिथे."

"सायबाला वाटंल ह्या बाईला भांडी घासायची सवय हाय. आनंद लिवा."

"अहो, तो शब्द लिहिला की बाकीचं सगळं—"

"मास्तर, आनंद मना झाला. तुमचा काय जातंय?"

सरांनी टाक बुडवला आणि शेवटी लिहिलं, 'आय वॉज हॅपी.'

"लिवला?"

"लिहिला."

"किती येला?"

"एकदा."

"तीनदा लिवा. सायेब लांब हाय."

मी हातातल्या वहीत तोंड घातलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारात हेडमास्तर उभे होते, कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. आणि आम्हा दोघांच्या देखत, इयत्ता नववी दिवाळीनंतरचा तो शब्द सरांनी आणखी दोनदा लिहिला. हॅपी, हॅपी. हेडमास्तरांच्या पोटातून आधी एक बारीक आवाज निघाला, मग ते चौकट धरून हसत सुटले. हसून झाल्यावर साडेतीन महिन्यांनी पहिल्यांदा सरांशी बोलले. म्हणाले, "व्हेरी राहिलं की." पुढच्या जूनमध्ये नववी-दहावी सरांना परत मिळाली. अकरावीची परवानगीही आली. ह्या खेपेला शेरेबुक शिपायाने धरलं होतं.

साहेबाचं उत्तर पावसाळ्यानंतर आलं, शाळेच्या पत्त्यावर. सर ते खिशात घेऊन दोन बाजार वाट पाहत होते, पण चांगुणाबाई आल्या नाहीत. त्यांच्या पायाला लागलं आहे, असं दुसऱ्या एका कोळणीकडून कळलं. "मग आपणच जाऊ," सर म्हणाले. वहिनींनी प्रथमच "मीही येते" म्हटलं, आणि सोबतीला मलाही ओढलं. रविवारी आम्ही तिघं एस्टीने उरणला उतरलो आणि तिथून पुढे चालत करंजाला गेलो.

चांगुणाबाई पाय पसरून दारात बसल्या होत्या. मुलगा पुन्हा बोटीवर गेला होता. त्यांनी आम्हाला घोंगडी अंथरून दिली, शहाळी काढायला शेजारच्या पोराला पिटाळलं. सरांनी नाकाला लावलेला रुमाल खिशात घालून पत्र उघडलं आणि सावकाश मराठीत सांगायला सुरुवात केली.

साहेबाने लिहिलं होतं, की आपलं पत्र मी बोटीवर जेवणाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. मी लढाईवरून घरी परत गेलो तेव्हा माझ्या आईने दार उघडलं आणि मला आधी पायपुसण्यावर बूट पुसायला लावले होते. तीन वर्षांनी आलेल्या मुलाशी ती असं का वागली, हे मला आजवर कळलं नव्हतं. आपलं पत्र वाचून कळलं.

"बराबर हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "चिखल घेऊन आला आसंल." मग त्यांनी विचारलं, "त्याची आय हाय का आता?"

सरांनी पत्र उलटसुलट पाहिलं. "तसं काही लिहिलेलं नाही."

"इचारा. पुडच्या कागदात लिवा. नि ह्यो परत वाचा."

ते पत्र सरांनी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा बूट पुसण्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मधेच शहाळं तोंडाला लावलं.

निघेपर्यंत चार वाजले. बंदराकडून वळताना वहिनी एकदम थांबल्या. त्या घाटावरच्या. पनवेलला येऊन चौदा वर्षं झाली होती, पण खाडी सोडून दुसरं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. कोणी दाखवलं नव्हतं आणि त्यांनी मागितलं नव्हतं. समोर समुद्र होता, भरती होती, होड्या हलत होत्या. वहिनींनी चपला काढल्या, लुगडं जरा वर घेतलं आणि सरळ पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, एस्टी चुकेल," सर काठावरून म्हणाले.

वहिनींना ऐकू गेलं असणार. त्यांनी मागे पाहिलं नाही. एक लाट आली तशा त्या मोठ्याने हसल्या. मी त्यांना कितीतरी वर्षं ओळखत होते, पण त्यांच्या हसण्याला आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. सरांनाही नसावं. ते घड्याळ हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी घड्याळ माझ्याकडे दिलं, कोट दिला, टोपी दिली, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि आपले हाडकुळे पाय टाकत वहिनींच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी सामान सांभाळत वाळूत बसले.

शेवटची एस्टी गेली. मिठागरांवरून पनवेलला निघालेल्या एका ट्रकवाल्याने आम्हाला घेतलं. वहिनी आणि मी पुढे बसलो, सर मागे पोत्यांवर. पनवेलला उतरलो तेव्हा दिवे लागले होते आणि सर डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले होते. वहिनी त्यांचा कोट झटकत होत्या. मी आभार मानून घराकडे वळले, तेवढ्यात मागून सरांचा आवाज ऐकू आला. ते ट्रकच्या पायरीवर चढून ड्रायव्हरला विचारत होते, "पुढच्या रविवारी सकाळी तिकडे किती वाजता जाता?"